शुभवर्तमानांतल्या बऱ्या झालेल्या स्त्रिया: गोष्ट म्हणून वाचण्याची एक रीत

नव्या करारातल्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क, मत्तय आणि लूक यांच्यात स्त्रिया बऱ्या होण्याच्या मोजक्याच गोष्टी आहेत: येशूचा शिष्य शिमोन याची सासू, बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, याईराची मुलगी, सोरच्या मुलखातल्या परकी बाईची लेक, आणि अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई. योहानात अशी एकही स्वतंत्र गोष्ट नाही. या पाचही जणींपैकी एकीचंही नाव सांगितलेलं नाही. गोष्टी आखूड आहेत, काही तर तीन-चार वचनांच्या. म्हणूनच त्या वाचताना चटकन सार काढून मोकळं व्हायचा मोह होतो. सार काढणं लांबणीवर टाकून गोष्ट कशी सांगितली आहे ते कसं पाहायचं, हे इथे दिलं आहे. वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या घरी दुपारी सहा-आठ मराठी वाचक जमतील, एवढं गृहीत धरलं आहे. एकट्यानेही हे जमतं, फक्त मोठ्याने वाचायची लाज वाटू देऊ नका.

गटात श्रद्धेने वाचणारे असतील, तसे बायबल पहिल्यांदाच हातात घेणारेही असतील. त्यामुळे सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. ‘हे खरंच घडलं का’ हा प्रश्न दोन तास बाजूला राहील. तो प्रश्न क्षुल्लक आहे असं नव्हे. पण तो एकदा मध्ये आला की सगळे त्यावरच बोलतात आणि समोरचा मजकूर कुणी पाहत नाही.

कागद आधी तयार करा

पहिल्या बैठकीसाठी रक्तस्राव होणारी बाई आणि याईराची मुलगी ही जोडगोष्ट घ्या. मार्क ५:२१–४३, मत्तय ९:१८–२६, लूक ८:४०–५६. ए-फोर कागद आडवा धरून तीन रकाने पाडा, मधल्या रकान्यात मार्क ठेवा. एकाच प्रसंगाच्या ओळी एकमेकींसमोर येतील अशा बसवा, आणि जिथे एखाद्याकडे काहीच नाही तिथे जागा कोरी सोडा. ही कोरी जागा फार महत्त्वाची आहे. मार्कला या प्रसंगाला २३ वचनं लागतात, लूकला १७, मत्तयला फक्त ९. रकाने नुसते ओतून भरले तर हा फरक दिसतच नाही, नीट लावले तर मत्तयचा रकाना अर्ध्याहून जास्त पांढरा राहतो. मधली उपशीर्षकं (‘याईराची मुलगी व रक्तस्रावी स्त्री’ वगैरे) काढून टाका. ती मूळ मजकुरातली नाहीत, आणि वाचायच्या आधीच गोष्ट कुणाची ते ठरवून टाकतात. वचनांचे आकडे समासात बारीक ठेवा. अक्षर चौदा पॉइंटाचं, ओळींमध्ये दुप्पट अंतर, कारण मध्ये लिहायचं आहे. माणशी एक झेरॉक्स संच काढा.

मराठी प्रती दोन हव्यात, एक जुन्या वळणाची आणि एक सोप्या मराठीतली. वडोदऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांत गुजराती वाचता येतं, तेव्हा एक गुजराती प्रतही शेजारी ठेवा. मूळ ग्रीक येत नसलं तरी तीन भाषांतरं एखाद्या शब्दापाशी तीन वाटांनी गेली की तिथे मुळात गाठ आहे असं समजा आणि तिथे थांबा.

चार रंगीत पेन्सिली लागतील. लाल रंग स्पर्शाच्या क्रियापदांना, निळा बोलण्याला, हिरवा मनातल्या विचाराला आणि जाणिवेला, पिवळा आकडे आणि नात्याच्या शब्दांना. याहून जास्त रंग घेतले तर पान शोभिवंत होतं, पण वाचता येत नाही.

आधी कान, मग डोळे

पहिली पंधरा मिनिटं पेन्सिल खाली. मार्क मोठ्याने वाचा, पात्रं वाटून: निवेदक, येशू, याईर, ती बाई, शिष्य, घरून आलेली माणसं. हा मजकूर ऐकण्यासाठी घडवलेला आहे. वडोदऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सतराव्या शतकात याच गावचा प्रेमानंद आख्यानं रचत होता, आणि माणभट्ट बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याच्या माणेवर (घागरीसारख्या भांड्यावर) ठेका धरून अशी आख्यानं लोकांना ऐकवत. कीर्तनकारही असंच करतो. कथा ऐन रंगात आणतो, मध्येच दुसऱ्या प्रसंगाकडे वळतो, आणि श्रोत्यांचा जीव टांगणीला लागला की परत येतो. मार्क नेमकं हेच करतो. याईर, म्हणजे सभास्थानाचा (यहूदी प्रार्थनास्थळाचा) अधिकारी, पाया पडून सांगतो की माझी छोटी मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. येशू निघतो. आणि रस्त्यात ती बाई येते. येशूचं तिच्याशी बोलणं संपायच्या आतच, ‘तो हे बोलत असतानाच’, याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली. दुसऱ्या गोष्टीच्या पोटात पहिल्या गोष्टीतला वेळ सरतो. मध्ये याईराचं काय झालं याबद्दल मार्क एक अक्षर लिहीत नाही.

वाचन संपलं की बाईची भूमिका ज्यांनी घेतली त्यांना विचारा, किती वाक्यं वाट्याला आली? एक. तेही मनातलं: नुसत्या कपड्यांना हात लागला तरी मी बरी होईन. शेवटी तिने ‘सगळं खरं सांगितलं’ असं निवेदक म्हणतो, पण तिचे शब्द देत नाही. इथे गटात हळहळ उमटते, ‘बघा, बाईला बोलूच दिलं नाही’. ही प्रतिक्रिया लगेच निकालात काढू नका, फक्त पाच मिनिटं थांबवून ५:२६ परत वाचा. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने सोसलं, होतं नव्हतं ते खर्चून बसली, गुण आला नाहीच, उलट दुखणं वाढलं. हे गर्दीतल्या कुणाला ठाऊक होतं? तिच्याशिवाय कुणालाच नाही. म्हणजे तिचं ‘सगळं खरं’ श्रोत्यांनी आधीच ऐकलेलं आहे, निवेदकाच्या तोंडून. तिची कैफियत तिच्या येण्याआधी येऊन उभी राहिली आहे. आमच्या मते मार्कमधली ही सर्वांत देखणी रचना आहे, आणि ती फक्त क्रम तपासल्यावर सापडते.

आता क्रियापदं. ग्रीकमध्ये ५:२५ ते २७ हे एकच लांब वाक्य आहे. त्यात ती सात धातुसाधितांतून जाते (असलेली, सोसलेली, खर्चलेली, गुण न आलेली, आणखी बिघडलेली, ऐकलेली, आलेली) आणि मग कुठे मुख्य क्रियापद येतं: तिने स्पर्श केला. बारा वर्षं त्या एका क्रियेच्या मागे साचून राहिली आहेत. मराठीला ही रचना परकी नाही, ‘ऊन’ आणि ‘लेली’ जोडत आपणही असं लांबवर जाऊ शकतो. पण बहुतेक भाषांतरं सोईसाठी इथे तीन-चार पूर्णविराम देतात. म्हणून गटाला काम द्या: हा मजकूर एका मराठी वाक्यात लिहा, मुख्य क्रियापद अगदी शेवटी. वीस मिनिटं पुरतात. वाक्य मध्येच तुटतं, ते बहुधा ‘वैद्य’ या शब्दापाशी, कारण तिथे दुसरा कर्ता घुसतो (‘वैद्यांनी तिला छळलं’). वाक्यभर कर्ता तीच राहिली पाहिजे.

मत्तयने हे सगळं तीन वचनांत आटपलं. वैद्य गेले, पैसे गेले, गर्दी गेली, ‘मला कोण शिवलं’ हा प्रश्न गेला. मत्तयात येशू वळून तिला पाहतो, बोलतो, आणि ती त्या घटकेपासून बरी होते. मार्कात ती आधी बरी होते आणि बोलणं नंतर. लूक वैद्यांबद्दल मार्कपेक्षा सौम्य आहे. ‘लूक स्वतः वैद्य होता म्हणून’ असं कुणीतरी म्हणेलच. तो वैद्य होता ही परंपरा आहे, पण एवढ्या धाग्यावर अर्थ टांगू नका. मजकुरात दिसतं तेवढं लिहा: लूकने वाक्य बदललं, आणि ‘एकुलती एक’, ‘सुमारे बारा वर्षांची’ हे मुलीबद्दलचे तपशील सुरुवातीलाच दिले. मार्क मुलीचं वय अगदी शेवटी सांगतो, ती उठून चालू लागल्यावर. तेव्हा श्रोत्याला दचकायला होतं: एकीचं दुखणं जेवढं जुनं, तेवढंच दुसरीचं आयुष्य. पिवळ्या पेन्सिलीने दोन्ही ‘बारा’ जोडा. त्याच रंगात ‘मुलगी’ हा शब्दही. याईर ‘माझी छोटी मुलगी’ म्हणतो, आणि येशू त्या अनोळखी बाईला ‘मुली’ म्हणून हाक मारतो.

हिरवा रंग फार कमी लागेल, पण तो बघण्यासारखा आहे. ५:२९ मध्ये तिला शरीरात कळतं, ५:३० मध्ये येशूला स्वतःत कळतं. ग्रीकमध्ये एकाच धातूची दोन रूपं. त्या गर्दीत काय झालं ते दोघांनाच ठाऊक आहे, आणि तिसरे आपण. शिष्य बाहेर उभे राहून विचारतात, एवढी रेटारेटी चालली असताना कोण शिवलं म्हणून काय विचारता?

‘शिवली’ या शब्दापाशी

मराठी वाचकाची सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि ती शहाण्या वाचकाचीच होते. जुन्या मराठी प्रतींत ती त्याच्या वस्त्राला ‘शिवली’ असं भेटतं. शिवणं म्हटलं की आपल्या कानात शिवाशीव, कावळा शिवणं, बाजूला बसणं हे सगळं एकदम वाजतं. मग चर्चा अशी होते की ती विटाळशी होती, तिला समाजाने वाळीत टाकलं होतं, तिने शिवून नियम मोडला आणि येशूने विटाळ झुगारला. यातलं किती पानावर आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. विटाळाचा शब्द कुणीच उच्चारत नाही, ना निवेदक, ना गर्दी, ना याईर, ना ती. तिला कुणी हाकलत नाही, ओरडत नाही. ती भीत कापत पुढे येते, पण कशाला भिऊन ते लिहिलेलं नाही.

उलट बाजूही नोंदवा. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात १५:२५–३० मध्ये दीर्घ स्रावाचे नियम आहेत, आणि मार्कचे ‘रक्ताचा स्राव’ हे शब्द त्या ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरातल्या शब्दांशी जुळतात. म्हणजे जाणत्या श्रोत्याला आठवण होऊ शकते. पण आठवण होणं वेगळं आणि गोष्टीने तो मुद्दा मांडणं वेगळं. कागदावर दोन ओळी आखा, ‘मजकूर सांगतो’ आणि ‘मला आठवतं’. आपल्या घरातल्या अनुभवामुळे या गोष्टीचा जो अर्थ लागतो तो दुसऱ्या ओळीत मानाने लिहा. तो खोटा नाही, पण तो पहिल्या ओळीत टाकला की पहिल्या शतकातले यहूदी आपल्या सोवळ्या-ओवळ्याचे धनी बनतात. शुभवर्तमानं वाचताना यहूदी धर्माला काळा रंग फासायची सवय फार जुनी आहे. येशू, याईर, ही बाई, सगळेच यहूदी परिसरातले आहेत, हे पानाच्या माथ्यावर लिहून ठेवा.

गुजराती प्रत इथे उपयोगी पडते. गुजरातीत ‘अडकवुं’ म्हणजे साधा स्पर्श करणं (मराठी ‘अडकणं’ नव्हे), शिवाशिवीला तिथे ‘आभडछेट’ हा वेगळा शब्द आहे. ‘शिवली’च्या जागी ‘हात लावला’ घालून वाक्य परत मोठ्याने वाचा. काय गळून पडलं ते लगेच ऐकू येतं. आणखी एक बारकावा: वस्त्राचा ‘गोंडा’ मत्तय आणि लूकमध्ये आहे. मार्कात नुसतं वस्त्र.

‘बरी होईन’ हे क्रियापदही दुपदरी आहे. ग्रीकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ ‘वाचणं, तारलं जाणं’ असाही होतो. तुमच्या दोन प्रतींत ‘बरं केलं’ आणि ‘तारलं’ असे फरक दिसले तर एकाला चूक ठरवू नका. मराठीत दोन्ही अर्थांचा एक शब्द हवा असेल तर ‘वाचणं’ जवळ जातं, दुखण्यातून वाचली म्हणतो तसं.

दुसरी बैठक: भाकरीचे तुकडे

मार्क ७:२४–३० आणि मत्तय १५:२१–२८, दोनच रकाने. मार्कातली बाई सुरफुनीकी, मत्तयातली कनानी, म्हणजे दोन्हीकडे यहूदी नसलेली. लेकीसाठी ती विनवते आणि येशू म्हणतो, आधी मुलांना पोटभर जेवू दे, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही. इथे आपली घरची रीत आड येते. गुजरातेत गाईची आणि कुत्र्याची पोळी काढून ठेवणं पुण्याचं मानतात, त्यामुळे वाक्याची धार बोथट होते. इथे कुत्रा म्हणजे परक्यांसाठी तुच्छतेचं नाव आहे. ग्रीक शब्द लघुत्वदर्शक आहे म्हणून ‘गोड पिल्लू’ असा अर्थ काढून अपमान धुऊन टाकतात. पण त्या काळच्या बोलीत असे प्रत्यय पुष्कळदा निव्वळ सवयीने लागत. अपमान जागेवर राहू द्या. तो काढला तर तिच्या उत्तराला काही कामच उरत नाही.

उत्तर शब्दशः तपासा. ती कुत्र्याचा शब्द नाकारत नाही, त्याची जागा बदलते: टेबलाखाली, म्हणजे घरात. येशूने ‘मुलं’ म्हणताना पोटची लेकरं या अर्थाचा शब्द वापरला, ती घरातली चिमुरडी या अर्थाचा वापरते. ‘आधी’ हा शब्द फक्त मार्कात आहे. ‘आधी’ म्हटलं की ‘नंतर’ येतंच, आणि ती नेमकी हीच फट पकडते. मार्कात येशू म्हणतो, ‘या तुझ्या बोलण्यामुळे’ जा. मत्तयात तो तिच्या मोठ्या विश्वासाची वाखाणणी करतो. एकाकडे तिचं वाक्य जिंकतं, दुसऱ्याकडे तिची निष्ठा. मत्तयात आधी येशूचं मौन आहे, शिष्यांची कटकट आहे आणि तिचं पुनःपुन्हा विनवणं आहे, त्यामुळे निष्ठेला जागा मिळते. दोन्ही गोष्टी एकत्र करून एक सलग गोष्ट सांगायचा प्रयत्न हाणून पाडा. तो प्रयत्न हमखास होतो, आणि त्यात दोघांचीही कारागिरी मरते.

आजूबाजूचं पानही वाचा. मार्क सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकर, बारा टोपल्या उरलेल्या. आठव्यात चार हजारांना, सात टोपल्या. मध्ये ही बाई, जी तुकडेच मागते. ‘पोटभर’ असा अर्थ देणारं क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच आहे.

वाकलेली बाई आणि दावं

लूक १३:१०–१७ एकट्या लूकमध्ये आहे, म्हणून रकाने नकोत. ती काही मागत नाही, येशू तिला बोलावतो. शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तिला बरं केलं म्हणून सभास्थानाचा अधिकारी रागावतो, पण बोलतो गर्दीशी. येशूशी नाही, तिच्याशी तर नाहीच. निळ्या रंगाने कोण कुणाला उद्देशून बोलतं याचे बाण काढा, चित्र आपोआप उभं राहतं. मग ‘सोडणं’ आणि ‘बांधणं’ शोधा. बाई, तू सुटलीस. शब्बाथाला तुम्ही बैलाला, गाढवाला गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेताच. मग अठरा वर्षं बांधलेल्या अब्राहामाच्या या लेकीला सोडायला नको? मूळ शब्द एकाच घराण्यातले आहेत. ‘मुक्त केलं’, ‘सोडलं’, ‘बंधन’ असं वेगवेगळं भाषांतर झालं की साखळी तुटते. मराठीत ‘दावं’ आणि ‘सोडणं’ एवढ्या दोन शब्दांत ती परत जोडता येते, करून पाहा. युक्तिवादाची जात आपल्या ओळखीची आहे, कैमुतिक न्याय: जनावराला सोडता, तर हिची काय कथा. हा शब्बाथावरचा घरातलाच वाद आहे, धर्माविरुद्धचं बंड नव्हे. ‘अठरा’ हा आकडा याच अध्यायात चौथ्या वचनातही आलेला आहे, शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्यांचा. तो का, यावर एकमत व्हायची गरज नाही. खूण करा आणि पुढे जा.

शिमोनाच्या सासूची गोष्ट (मार्क १:२९–३१) दहा मिनिटांत होते असं वाटतं, आणि तिथेच भांडण लागतं. ताप उतरला आणि ती लगेच पाहुण्यांची सेवा करू लागली. ‘उठली की स्वयंपाकघरात’ हा राग रास्त आहे, तो लिहा. सोबत हेही लिहा की मार्क हेच क्रियापद १:१३ मध्ये देवदूतांसाठी वापरतो, १०:४५ मध्ये येशूच्या स्वतःबद्दलच्या बोलण्यात, आणि १५:४१ मध्ये वधस्तंभ दुरून पाहणाऱ्या स्त्रियांसाठी. भाषांतरकाराने इथे ‘वाढू लागली’ आणि तिथे ‘सेवा करण्यास आला’ असं केलं तर हा धागा नाहीसा होतो. मत्तयात ती फक्त ‘त्याची’ सेवा करते, मार्क आणि लूकमध्ये ‘त्यांची’. सर्वनामावरही पेन्सिल फिरवा.

येशूच्या मागे जाणाऱ्या स्त्रियांपैकी मग्दालीया मरीया हिचा विषय निघेल. तिच्यातून सात भुतं निघाली होती एवढंच लूक ८:२ सांगतो, ती गोष्ट सांगितलेली नाही. लूकच्याच सातव्या अध्यायातली पापी स्त्री म्हणजे तीच, हे मजकुरात कुठेच नाही. ते पोप पहिला ग्रेगरी याच्या इ.स. ५९१ मधल्या प्रवचनाने रूढ केलं. रक्तस्राव झालेल्या बाईलाही नंतरच्या परंपरेने बेरेनिके, वेरोनिका अशी नावं दिली. नावं ज्यांना हवीत त्यांनी ती ‘मला आठवतं’च्या ओळीत लिहावीत.

तिसऱ्या बैठकीसाठी लूक ७:११–१७ घ्या, नाइन गावची विधवा. बरा होतो मुलगा, पण गोष्ट आईची आहे. शेजारच्या रकान्यात जुन्या करारातलं १ राजे १७:१७–२४, संदेष्टा एलीया आणि सारफथची विधवा, आणि ‘त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केलं’ हे वाक्य दोन्हीकडे शोधून लाल रंगाने जोडायला सांगा. तिथपर्यंत पेन्सिलींना टोक काढून ठेवा, लाल सर्वांत आधी संपते.